न थरथरणारा तारा

ठोक्याने दुर्बीण शाळेला देऊन टाकायचं ठरवलं, हे ताईला कळलं ते भावजयीकडून, फोनवर, आणि तेही बोलणं संपता संपता. आधी गच्चीवरची गळकी टाकी झाली, मग भावजयीचे गुडघे झाले, मग खालच्या मजल्यावरच्या बाईंची गाऱ्हाणी झाली, आणि मग, "हां वन्सं, एक सांगायचं राहिलंच की. रविवारी सकाळी शाळेतले मास्तर येणार आहेत टेम्पो घेऊन. ह्यांनी दुर्बीण देऊन टाकली." ताई ओरडली, "देऊन टाकली म्हणजे? ती काय मोडकी छत्री आहे?" पण तोवर फोन बंद. भावजय हुशार. काडी लावायची आणि आपण बाजूला व्हायचं, हे तिला छान जमायचं.

ठोक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण ताईच्या तोंडी तो ठोक्याच. लहानपणी घरातलं एक घड्याळ त्याने धड ठेवलं नाही. उघडायचं, कानाशी धरायचं आणि ठोके ऐकत बसायचं. बापाने मारून पाहिलं, आईने समजावून पाहिलं, शेवटी दोघांनी हात टेकले आणि तो घड्याळं दुरुस्त करणारा झाला. दुर्बीणही त्याने स्वतःच केली होती. काचेची जाड थाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्षभर घासली, तेव्हा कुठे तिचा आरसा झाला. घासायची पूड पिठाच्या डब्यात गेली होती म्हणून भावजय त्याला अजून ऐकवते. दुर्बीण आभाळाबरोबर हळूहळू फिरावी म्हणून खाली मोटर आणि जुन्या घड्याळांची चाकं बसवली. आणि एवढा खटाटोप करून हा माणूस वर्षानुवर्षं बघत काय आला, तर शनी. लोक शनीला लांबूनच हात जोडतात, साडेसाती नको म्हणतात, आणि हा गृहस्थ आपण होऊन त्याच्या मागे लागला होता.

मग डोळे गेले. सगळे नाही गेले, मधले गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे काय, तर समोर माणूस उभा राहिला की ठोक्याला त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी मात्र करडा डाग. घड्याळाचे आकडे दिसायचे, काटे नाही. दुर्बिणीला डोळा लावला की शनी नेमका त्या डागात जाऊन बसायचा. हा डोळा फिरवी, तर डागही फिरे. पुष्कळ झगडला आणि एक दिवस दुर्बिणीवर चादर टाकून खाली आला तो आलाच. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहायचा. काम बंद, गच्ची बंद. आणि ताईला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की भांडण बंद. उभ्या आयुष्यात ही भावंडं भांडल्याशिवाय कधी जेवली नव्हती. आता ती काहीही बोलली तरी हा आपला म्हणायचा, "तुझं बरोबर आहे, ताई." त्याचं असलं शहाण्यासारखं वागणं तिला बघवत नव्हतं.

ताई काही कमी नव्हती. जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढले. लोकांची हाडं बघून बघून बोलणंही तसंच झालं होतं, वर मांस नाही, थेट हाड. फोन झाला त्याच संध्याकाळी ती बस पकडून भावाच्या दारात हजर.

"तू दुर्बीण दिलीस?"

"दिली. पोरं बघतील."

"आणि तू?"

"मला शनी दिसत नाही, ताई. मग ते धूड घरात ठेवून काय करू, कपडे वाळत घालू त्याच्यावर?"

"आणि दिसला तर?"

"कसा दिसेल?"

"ते माझ्यावर सोड. दिसला तर?"

ठोक्याने खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मग म्हणाला, "माझ्या या डोळ्यांनी मला शनी दिसला, तर मास्तरांना मी नाही म्हणून सांगेन. पण रविवारच्या आत. त्यांना शब्द दिलाय मी."

"ठरलं," ताई म्हणाली. तोंडातून शब्द तर सुटला, पण डोक्यात कल्पना म्हणाल तर शून्य. भावजयीने चहा आणला, तो प्यायला बसली. समोर टीव्हीवर कसला तरी सामना चालू होता. ठोक्याची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून नव्हतीच, आडवी होती, आणि तो चक्क भिंतीकडे बघत होता. ताईला वाटलं, बिचारा नुसता आवाज ऐकतोय. इतक्यात तो म्हणाला, "पडला बघ. पाय मुरगळला त्याचा." ताईने पाहिलं, तर खरंच एक खेळाडू पाय धरून बसला होता आणि सामन्याचं वर्णन करणारा अजून काही बोललाही नव्हता. ती चहाचा कप खाली ठेवायला विसरली. कडेच्या नजरेने याला एवढं दिसतं! म्हणजे दिसायला शनी पेल्याएवढा मोठा हवा आणि हवा टीव्हीच्या पडद्यावर, दुर्बिणीच्या भोकात नको. भोकात डोळा हलवायला जागाच कुठे असते?

दुसऱ्या दिवशी ती दुर्बिणी आणि कॅमेरे विकणाऱ्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदाराने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"काकू, ग्रहांसाठी हवाय ना? मग कलर घ्या. शनीचा पिवळा काय सुंदर दिसतो!"

"मला सुंदर नकोय, स्पष्ट हवाय. काळा-पांढरा दाखवा."

"अहो, काळ्या-पांढऱ्याचा जमाना गेला."

"माझा नाही गेला. आयुष्यभर माणसं मी काळ्या-पांढऱ्यातच बघितली, तीही आतून. रंगाने काही कळत नाही. कळतं ते उजेडाने आणि सावलीने."

दुकानदार हसला, पण माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "खरं सांगायचं तर तुमचंच बरोबर आहे. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक कणावर लाल, हिरवी, निळी काच असते, ती उजेड खाते. काळ्या-पांढऱ्यात मध्ये कोणी दलाल नाही, येईल तो सगळा उजेड पदरात." मग त्याने विचारलं, दुर्बीण कशी फिरते. घड्याळाच्या चाकांवर फिरते म्हटल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या. एवढा मोठा करून दाखवायचा म्हणजे चाकांचा एवढासा फरकही चालायचा नाही, ग्रह बघता बघता पडद्याबाहेर. त्याला उपाय म्हणजे आणखी एक कॅमेरा. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण बसवायची, तिला हा दुसरा कॅमेरा लावायचा, आणि त्याने फक्त एका ताऱ्यावर नजर ठेवायची. तारा जरा सरकला की तो मोटरला ढकलतो, चल, जागेवर ये.

"म्हणजे राखणदार," ताई म्हणाली.

"अगदी राखणदार. आणि लॅपटॉपवर रेघ दिसते, तो किती जागा आहे त्याची. रेघ सपाट तर काम चोख. पण सपाट कुणाचीच येत नाही हं काकू, करवतीच्या दात्यांसारखी येते. घाबरू नका."

ताईने लहान दुर्बीण घेतली, एकसारखे दोन कॅमेरे घेतले, मुठीत मावतील एवढे, आणि भाचीचा लॅपटॉप दमदाटी करून आणला. ठोक्याचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची, तेव्हा वायर झरोक्यातून थेट बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला आली. भावजय जिन्याच्या पायऱ्या मोजून चढायची, पण वर स्टूल नेलं, बॅटरी नेली, आणि चादर काढताना म्हणाली, "वन्सं, ह्यांना राग आला तर मी तुमचं नाव सांगणार."

"सांग. माझं नाव आधीच खराब आहे."

ठोक्या काही वर आला नाही. ताईने वरून विचारावं, हा स्क्रू कुठला, तो तुकडा कुठे, आणि त्याने खुर्चीतूनच सांगावं, "उजवीकडे फिरव. सगळ्याच गोष्टी उजवीकडे फिरतात." पहिल्या संध्याकाळी राखणदाराला नुसतं शिकवून झालं. कुठलं बटण दाबलं की तारा कुठे जातो, हे त्याला एकदा समजावून द्यावं लागतं, मग ते त्याच्या लक्षात राहतं. तेवढ्यात ढग आले आणि काम थांबलं.

शुक्रवारी आभाळ बरं होतं. सूर्य मावळला आणि शनी समोरच्या इमारतीच्या वर ठळक दिसायला लागला. ताईने तो मोठ्या दुर्बिणीत धरला, चित्र खाली टीव्हीवर सोडलं, आणि लॅपटॉपवर राखणदाराची खिडकी उघडली. तारा तूच निवड, असं त्याला सांगितलं. त्याने निवडला. रेघ सुरू झाली, आणि काय सांगू, अशी सपाट की पट्टीने ओढावी! करवत नाही, दाते नाहीत, काही नाही. ताईची छाती फुगली. दुकानदार म्हणे सपाट कुणाचीच येत नाही! तो काय जाणे, एक्स-रे काढणाऱ्या बाईचा हात.

ती बराच वेळ रेघेकडेच बघत राहिली आणि मग झरोक्यात तोंड घालून ओरडली, "ठोक्या! दिसला का?"

खालून नुसता खुर्ची करकरल्याचा आवाज.

"अरे दिसला का?"

"दिसला," ठोक्या म्हणाला. "छान दिसला गं. कड्यासकट."

ताई तिथेच टाकीच्या कठड्यावर बसली. डोळे आपोआप भरून आले. एवढं सोपं होतं, आणि हा वेडा इतके दिवस अंधारात बसून राहिला! दोघांनी मिळून बघावं म्हणून ती जिना उतरून खाली धावली. गुडघे तिचेही भावजयीसारखेच होते, पण त्या वेळी ते तिला आठवले नाहीत.

खोलीत दिवा मालवलेला. ठोक्या खुर्चीत आडवा, तोंड भिंतीकडे, ओठांवर हसू. आणि टीव्हीचा पडदा काळा ठिक्कर. टीव्ही चालू होता, कोपऱ्यात बारीक आकडे पळत होते, पण शनी नव्हता. एवढासुद्धा नव्हता.

"अजून दिसतोय?" ताईने विचारलं.

"दिसतोय ना. वा! काय तेज आहे."

"ठोक्या, पडदा रिकामा आहे."

त्याच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याचं काय करावं हे त्याला कळेना. भावजय दाराशी येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

"रिकाम्या पडद्याला वा म्हणालास तू!" ताई कडाडली. "मी वर बसून रडले, माहितीये?"

"तू इतकी धडपडत होतीस, ताई. या वयात वर-खाली, वर-खाली. म्हटलं, एकदा दिसला म्हणालो की तू सुटशील. दुर्बीण ठेवतो घरात. झालं ना तुझं?"

"दुर्बिणीला काय जाळायचंय मला! आणि सुटायचंय कोणाला? तू मला गोड बोलून वाटेला लावलंस, ठोक्या. दारात आलेल्या विक्रेत्याला लावतात तसं."

"मग काय म्हणू? नाही दिसला, नाही दिसला, हेच म्हणत बसू?"

"हो! तेच म्हण! हजारदा म्हण. पण खरं म्हण. तुझ्या डोळ्यांचं मधलं गेलं ते देवाने नेलं, पण माझा खरं बोलणारा भाऊ तू नेतोयस, आणि ते मी चालू देणार नाही."

असं म्हणून ती तडक निघून गेली. बसमध्ये तिला रडू आलं नाही, राग आला, आणि रागाच्या पोटात एक प्रश्न होता तो टोचत राहिला. रेघ सपाट होती. म्हणजे तारा जागच्या जागी होता. मग शनी कसा काय पळाला? राखणदार टक्क जागा आणि घर मात्र साफ लुटलेलं, असं कधी होतं का?

शनिवारी ती दिवस कलायच्या आधीच येऊन ठेपली. ठोक्याला वाटलं होतं ती यायची नाही. भावजयीला वाटलं होतं ती येईल, म्हणून तिने स्टूल आधीच गच्चीवर नेऊन ठेवलं होतं. ताई भावाशी एक अक्षर बोलली नाही. अंधार पडायला लागला तशी तिने वर जाऊन सगळं जोडलं आणि आज शनीचं चित्र न पाठवता राखणदाराचंच चित्र टीव्हीवर सोडलं, म्हणजे मोठं करून बघता येईल. मग खाली आली आणि टीव्हीसमोर वेताचा मोडा ओढून बसली. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. ती एकेकाकडे डोळे फाडून बघत होती. सगळे ठिपके सारखे. त्यातल्याच एकाभोवती राखणदाराने चौकोन काढला होता, कालच्यासारखाच.

"हे काय लावलंयस?" ठोक्याने भीत भीत विचारलं.

"तारे."

ठोक्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. मग तो हळूच म्हणाला, "एक थरथरत नाहीये."

"काय?"

"बाकी सगळे कुडकुडताहेत थंडीत उभे केल्यासारखे. खालचा, डावीकडचा, तो एक शहाणा निवांत बसलाय."

ताईने बघितलं. खालचा, डावीकडचा, म्हणजे चौकोनातलाच. तिला तर तोही इतरांसारखाच दिसत होता. पण ठोक्याला विचारून उपयोग होता, कारण डोळ्याच्या कडेला बारीक अक्षर वाचता येत नसलं तरी हललेलं चटकन कळतं. रस्त्यात बाजूने अंगावर येणारी सायकल आपल्याला कळते ती त्या कडेनेच. आपण समोर बघत असतो म्हणून कडेला विचारत नाही इतकंच. ठोक्याला तर विचारायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात काहीतरी जागं झालं होतं, घड्याळ उघडताना असायचं तसलं. "हवा हलते म्हणून तारा हलतो. जो हलत नाही तो हवेच्या पलीकडचा नाहीच. वर जा. लहान दुर्बिणीला झाकण लाव."

"झाकण लावलं तर काय दिसणार?"

"जा तर खरी!"

ताई वर गेली. काहीच न समजता तिने लहान दुर्बिणीच्या तोंडावर झाकण दाबून बसवलं. आता आत मिट्ट काळोख.

"लावलं!"

"सगळे गेले!" खालून आवाज आला. "सगळे गेले, ताई! तो आहे! तो अजून तिथेच बसलाय!" आणि ठोक्या हसायला लागला. खो खो हसला. भावजय स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हणून. "अगं, झाकणाखाली तारा उगवलाय तुझ्या वन्संचा!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. तारा कसला, कॅमेऱ्याचा एक कण बिघडलेला होता. उजेड असो नसो, तो आपला पेटलेलाच. राखणदाराने त्यालाच तारा समजून काल त्याच्यावरच पहारा दिला होता, मग रेघ सपाट येणार नाही तर काय होईल? कॅमेऱ्यातलाच डाग, तो कॅमेऱ्यातून कुठे जाणार! वर शनी निघून गेला आणि हा खाली डागाला राखत बसला. आणि हे कोणाला झालं, तर ताईला. जी इस्पितळात प्रत्येक नव्या पोरीला दरडावायची, डाग दिसला की आधी रिकामी प्लेट काढून बघ, डाग पेशंटचा आहे की मशीनचा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला स्वतःचाच असा राग आला की त्या रागात हसू फुटलं.

पण उपाय तिला आता ठाऊक होता, कारण तो तिचाच होता. झाकण लावलेल्या अवस्थेत तिने रिकामं चित्र काढून घेतलं आणि लॅपटॉपला सांगितलं, यात जे दिसतंय ते सगळं खोटं, ते वजा कर. झाकण काढलं. शहाणा नाहीसा झाला. उरलेल्यांतला एक ठळक, चांगला थरथरणारा निवडला. रेघ सुरू झाली ती वेडीवाकडी, करवतीसारखी, वर-खाली. इतकी वाईट रेघ बघून कोणाला एवढा आनंद झाला नसेल.

मग तिने शनी लावला आणि चित्र टीव्हीवर सोडलं. आज मात्र आधी खाली जाऊन स्वतः बघून आली. शनी होता. मधोमध, पेल्याएवढा, काळ्यावर पांढरा, कड्यासकट, आणि जागचा हलत नव्हता. भावजय "अगो बाई!" म्हणून तोंडाला हात लावून उभी राहिली. "तू बोलू नकोस," ताईने तिला बजावलं, "काही म्हणजे काही सांगायचं नाही ह्याला," आणि पुन्हा वर गेली.

"दिसला का?"

"नाही."

"आता?" तिने चित्र मोठं केलं.

"नाही. पांढरं काहीतरी पसरलंय. ट्यूबलाइटसारखं."

"उजेड कमी करते. आता?"

"नाही."

हे "नाही" ताईला औषधासारखं वाटत होतं, कडू पण खरं. ती सावली गडद करत गेली, कडा उठावदार करत गेली, जशा बारीक तडा गेलेल्या हाडाच्या करायची. खालून खुर्ची सरकवल्याचा आवाज येई, मग "नाही" येई. ठोक्याही सोडत नव्हता. खुर्ची उजवीकडे घेऊन पाहिली, डावीकडे घेऊन पाहिली, एकदा तर टीव्हीकडे पाठ करून मान वळवून पाहिलं, असं भावजयीने मागून सांगितलं. उद्या सकाळी टेम्पो दारात येणार होता. ताईच्या मनात आलं, नाहीच दिसला तर? तर नाही दिसला. मास्तरांच्या टेम्पोत दुर्बीण ती स्वतःच्या हाताने चढवून देईल. पण आभाळात शनी आहे तोवर गच्चीवरून हलणार नाही. तिने दुकानातून आणलेली लाल काच काढून कॅमेऱ्यासमोर बसवली. हवेचा थरथराट त्या काचेने जरा निवतो, असं दुकानदार म्हणाला होता. चित्र स्पष्ट करायचा दुर्बिणीचा स्क्रू उजवीकडे केसभर फिरवला.

खालचा खुर्ची सरकवल्याचा आवाज थांबला.

"ठोक्या?"

"थांब," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "दिसला."

ताईचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. दिसला. कालही हाच शब्द होता. हाच आवाज, हाच हलका सूर. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, आणि हिचं तर काळीज पोळलं होतं. काल तिने विश्वास ठेवला आणि रिकाम्या पडद्यासमोर तोंडघशी पडली. आज आनंद मानायचा, उद्या दुर्बीण घरात राहणार, आणि भाऊ पुन्हा त्याच खुर्चीत गोड बोलत बसणार? पडदा रिकामा नाही हे तिला ठाऊक होतं. पण तो बघतोय की पुन्हा बहिणीची कीव करतोय, हे कसं कळावं? विचारून कळणार नव्हतं. "खरंच?" विचारलं तर "खरंच" म्हणेल. काल "वा" म्हणालाच होता की.

तिने राखणदार बंद केला. दुर्बीण हलवायच्या बटणांवर बोट ठेवलं, आणि आवाज न करता, काही न सांगता, डावीकडचं बटण दाबून धरलं. मोटर इतकी हळू फिरली की तिलाच ऐकू आली नाही.

खालून काहीच आवाज आला नाही. तिने बटण सोडलं नाही. दात आवळले आणि दाबून धरलं.

"अगं ए बये!" खालून गर्जना झाली. "कुठे चालवलास त्याला?"

"कुठे गेला?" ताईने वरून विचारलं.

"डावीकडे! डावीकडे सरकतोय! कडं अर्धं गेलं बाहेर! थांबव, थांबव! डोळे फुटले का तुझे?"

ताईने हडबडून बटण सोडलं आणि उजवीकडचं दाबायला गेली, पण बटणं दिसतील तर शपथ. डोळ्यांत पाणीच इतकं आलं होतं. चुकून भलतंच दाबलं गेलं.

"आता वर चाललाय! अगं गाढवे, वर नाही, उजवीकडे! बायको, आधी मास्तरांना फोन लाव, टेम्पो घेऊन येऊ नका म्हणावं. पोरांना घेऊन या. इथे कोणालाही यंत्राला हात लावू देतात, बघतेस ना? ताई! मेलीस का? आण त्याला मागे!"

"आणते रे, आणते," ताई म्हणाली, आणि हाताच्या पाठीने डोळे पुसत बटणं शोधायला लागली.